गोमेच्या छतावरचा नाच

जगात शंभर पायांची गोम नाही. हे वाक्य किडेबाई दिवसातून दहा वेळा म्हणायची आणि दहाही वेळा तिला ते नुकतंच सुचल्यासारखा आनंद व्हायचा. पंधरा जोड्यांची गोम असते, एकवीस जोड्यांची असते, एकशे एक्क्याण्णव जोड्यांचीसुद्धा असते. पण जोड्यांचा आकडा कायम विषम. शंभर पाय म्हणजे पन्नास जोड्या, आणि पन्नास हा आकडा गोमेला मंजूर नाही. एवढं सांगून ती थांबायची. समोरच्या शाळकरी पोरांनी बोटांवर हिशेब करून तोंड वासलं की तिचा दिवस सार्थकी लागायचा. नाही वासलं तर ती तेच पुन्हा, जरा हळू सांगायची.

कीटकसंग्रहालयाच्या तळमजल्यावरची अगदी शेवटची खोली तिची. खरं तर गोम हा कीटक नव्हे. ज्याला कुणी वाणी म्हणतं आणि कुणी पैसा, तो मिलिपीडही नव्हे. कीटकाला मोजून सहा पाय, आणि या खोलीत पायांना काही धरबंधच नव्हता. पण संचालकांनी दारावर ‘इतर कीटक’ अशी पाटी लावली होती, आणि त्या पाटीवरून ती एकोणीस वर्षं धुसफुसत होती. खोलीत ओल्या पानांचा आणि सालींचा वास असायचा, तांबडा दिवा असायचा, आणि काचेच्या पेट्यांमधून एकेक नग राहायचा. अंगठ्याएवढा जाड एक मिलिपीड होता. त्याला डिवचलं की तो कडू बदामाचा वास सोडायचा. वास इतका छान, की पोरं नाक पुढे करायची. मग ती सांगायची की हे विष आहे, आणि नाकं मागे जायची. एक गोळी-मिलिपीड होता. त्याची बायको रुसून चेंडूसारखी मिटली की तो मागचे पाय अंगावर घासून बारीक गुणगुण काढायचा, तेव्हा कुठे ती उलगडायची. हे ऐकून शाळेच्या बाई हमखास हसायच्या आणि सर हमखास दुसरीकडे बघायचे.

आणि होती मालकीण. वीतभर लांब, पाठ काळसर तांबूस, पाय पिवळेजर्द, एकवीस जोड्या. शेवटची जोडी ती मिशांसारखी उंच धरून बसायची, म्हणजे शत्रूला कळू नये की डोकं कुठलं आणि शेपूट कुठली. संचालक आठ वर्षं तिच्या शेपटीकडे बघून ‘काय डोळे आहेत’ म्हणायचे. मालकीण या खोलीत आली तेव्हा काडीएवढी होती. इथेच तिने कात टाकली, इथेच ती मोठी झाली, आणि चिमट्याला चावे घेऊन घेऊन तिने तीन चिमटे वाकवले. किडेबाईचा तिच्यावर जीव होता. परतफेडीची अपेक्षा तिने कधी ठेवली नव्हती.

आता अडचण अशी होती, की संचालकांना या खोलीत दुकान काढायचं होतं. कापडी फुलपाखरं, पेन्सिली, किडे छापलेले कप. पाहुण्यांना सुंदर गोष्टी हव्या असतात, असं त्यांचं म्हणणं. किडेबाईला ते तिकीट खिडकीवर बसवणार होते. तिने पुष्कळ वाद घातला, तेव्हा ते म्हणाले की इथे गोमेला पिल्लं झाली, तर गोष्ट वेगळी. मग लोक रांगा लावतील, मग बघू. ते हे सहज बोलले, कारण त्यांना माहीत होतं की मालकिणीने आजवर दोनदा अंडी घातली होती आणि दोन्ही वेळा स्वतःच खाऊन टाकली होती.

गोम अंड्यांभोवती वेटोळं घालते आणि एकेक अंडं उचलून चाटत राहते, म्हणजे त्यावर बुरशी धरत नाही. इतकी मायाळू आई. पण कुणी तिला बिथरवलं, की ती तीच अंडी गिळून मोकळी होते. पहिल्या खेपेला संचालकांनी एका पाहुण्यासाठी अंगठीने काचेवर टकटक केलं होतं. किडेबाईने त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला. दुसऱ्या खेपेला तिने स्वतःच साल उचलून बघितली होती, फक्त किती आहेत ते बघायला. आता अबोला धरायचा तरी कुणाशी? तेव्हापासून ती त्या सालीला हात लावत नव्हती.

म्हणून त्या सोमवारी सकाळी, काचेला नाक लावून, सालीच्या फटीतून तिला मालकिणीच्या वेटोळ्यात पिवळे मणी दिसले, तेव्हा ती ओरडली नाही. पाय न वाजवता खोलीबाहेर आली, दार लावलं, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालत गेली आणि तिथे फायर ब्रिगेडच्या बादलीशेजारी उभी राहून एकटीनेच दोन उड्या मारल्या. बावन्न वर्षांच्या बाईला उड्या शोभत नाहीत, पण बघायला फक्त बादली होती.

तिसरी उडी अर्ध्यावर राहिली. कारण तिला छत आठवलं.

छतावर, म्हणजे पहिल्या मजल्यावर, तिची नणंद राहत नव्हती, हेच नशीब. पण रोज चार ते सहा तिथे तिचा टॅप डान्सचा वर्ग भरायचा. बुटाच्या चवड्याला आणि टाचेला धातूच्या पट्ट्या ठोकायच्या आणि लाकडी जमिनीवर पायांनीच टकाटक वाजवायचं, असा तो नाच. शिकणारे सगळे साठीच्या पुढचे, एकवीस जण. जोड्या मोजल्या असत्या, तर किडेबाईला त्यात गंमत वाटली असती. पण नणंदेच्या कुठल्याच गोष्टीत गंमत वाटून घ्यायची नाही, हे तिने लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात ठरवलं होतं. त्याला बावीस वर्षं झाली. भांडण असं कधी झालंच नाही. वन्सं वरून यायच्या, ती खालून जायची, जिन्यात भेट झाली की हवापाण्याचं बोलणं व्हायचं. वन्संना किड्यांची शिसारी होती, हिला आवाजाची. इतक्या वर्षांत त्यांनी या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं आणि हिने वरच्या.

मधल्या मध्ये सापडला होता तो नवरा. त्याचं कोपऱ्यावर बूटदुरुस्तीचं दुकान. बहिणीच्या विद्यार्थ्यांच्या बुटांना पट्ट्या तोच ठोकायचा, आणि घरी येऊन बायकोच्या तोंडून त्या पट्ट्यांचा उद्धारही तोच ऐकायचा. त्या दिवशी दुपारी बायको दुकानात आली, एप्रनसकट, आणि म्हणाली, तुमच्या बहिणीला सांगा की दोन महिने वर्ग बंद. नवऱ्याने तोंडातले खिळे काढले. तूच का नाही सांगत, असं तो म्हणाला नाही, कारण बावीस वर्षांत तोही काहीतरी शिकला होता. बूट बाजूला ठेवून तो गेला.

तो परत आला तो चिठ्ठी घेऊनच. चिठ्ठीवर मोठ्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, ‘वर्ग बंद होणार नाही, आम्ही मोज्यांवर नाचू. स्पर्धा महिन्यावर आलेली असताना मी हे अंड्यांसाठी करते आहे, तुझ्यासाठी नाही.’ किडेबाईने ती दोनदा वाचली. नणंदेने आपल्यासाठी काही केलं नाही याचं समाधान आणि काही तरी केलं याचा राग, दोन्ही तिला एकदमच आले.

मग त्या इमारतीत जे सुरू झालं, त्याला सार्वजनिक वेड म्हणायला हरकत नाही. तिकीटवाल्याने खुर्चीच्या पायांना जाड लोकरी नमदा चिकटवला. संचालकांनी ढकलगाडीची चाकं रबरी करून घेतली, कारण रांगांची स्वप्नं त्यांनाही पडू लागली होती. लिफ्ट बंद. दारांच्या बिजागऱ्यांना तेल. शाळेच्या सहली आल्या की पोरांचे बूट दाराशी काढून घ्यायचे, आणि चाळीस पोरं चवड्यांवर चालत आत यायची आणि कुजबुजत विचारायची, ‘खाल्ली का?’ वरच्या मजल्यावर एकवीस म्हातारे मोज्यांवर घसरत नाचायचे. आवाज शून्य, फक्त मधूनच कुणीतरी घसरून पडल्याचा धप्प, आणि मग वन्संचं ‘शूऽऽ’. किडेबाई खालच्या शांततेत बसून राहायची. अशी शांतता तिने एकोणीस वर्षांत ऐकली नव्हती. ती हरखून गेली होती.

गुरुवारी साडेचार वाजता मालकिणीने वेटोळं सैल केलं, एक अंडं पुढ्यात ओढलं आणि खाल्लं.

किडेबाईने ते डोळ्यांनी पाहिलं. चाटणं वेगळं आणि खाणं वेगळं. चुकायला जागाच नव्हती. ती गोठून बसली. बुरशी लागलेलं असेल, खराब असेल, आई खराब अंडं काढूनच टाकते, असं तिने स्वतःला समजावलं. शुक्रवारी पाच वाजता दुसरं. शनिवारी दोन. तिने ओलावा मोजला, उष्णता मोजली, दिव्याचं तोंड फिरवलं, स्वतःचा साबण बदलला. वहीत सगळं लिहिलं. रविवारी, संग्रहालयाला सुट्टी, तरी ती आली आणि दिवसभर श्वास धरून बसली, तर मालकिणीने तीन खाल्ली. तीसेक होती त्यातली आता बावीस-तेवीस उरली होती. घरी गेल्यावर ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडली. नवरा पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, की आणखी शांत करता येईल का बघू.

आणखी शांत करण्यासारखं फक्त तिचं हृदय उरलं होतं.

सोमवारी मात्र वरच्या वर्गातले पोस्टमन आजोबा विसरले. चाळीस वर्षं दारोदार चालून त्यांच्या पायांना स्वतःची बुद्धी आली होती आणि डोक्यातली थोडी कमी झाली होती. ते पट्ट्यांचे बूट घालूनच जिन्याने वर आले आणि अख्खा कॉरिडॉर टकाटक, टकाटक करत दारापर्यंत गेले. खाली किडेबाईने कपाळाला हात लावला. झालं, संपलं सगळं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती, मालकीण वेटोळं सोडून अस्वस्थपणे पेटीभर फिरत होती, आणि अंडी उघडी पडली होती.

डोक्यावरून टकाटक गेली, तशी मालकीण थांबली. मिशा हलल्या. मग ती वळली, सरळ अंड्यांकडे आली, त्यांच्याभोवती एक फेरा, दुसरा फेरा, बेचाळीस पाय आत ओढून घट्ट वेटोळं. आणि चाटायला लागली.

वर कुणीतरी ‘शूऽऽ’ केलं. आवाज थांबला. पाच मिनिटांनी वेटोळं पुन्हा सुटलं.

किडेबाईने वही ओढली. ज्या ज्या दिवशी अंडं गेलं, ती वेळ तिनेच लिहून ठेवली होती. साडेचार. पाच. सव्वाचार, पावणेसहा. सगळं चार ते सहाच्या दरम्यान. त्या दोन तासांत काय घडत होतं, हे ती आठवडाभर शोधत होती, आणि त्या दोन तासांत काहीच घडत नव्हतं, हीच तर भानगड होती. मालकीण काडीएवढी असल्यापासून रोज चार ते सहा तिच्या डोक्यावरचं जग थरथरत आलं होतं. तिच्या लेखी ते ऊन पडण्यासारखं होतं. आणि एक दिवस ते ऊन पडलंच नाही. असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, कदाचित दुसऱ्या कुठल्या गोमेला हे लागूही नसेल. पण पुस्तकवाल्यांनी टॅप डान्सखाली गोम कुठे वाढवली होती?

ती उठली. आणि मग पुन्हा बसली, कारण पुढे काय करायचं ते तिच्या लक्षात आलं होतं.

एकोणीस वर्षांत ती जो जिना कधी वरपर्यंत चढली नव्हती, तो चोवीस पायऱ्यांचा निघाला. वरची खोली उजेडाने भरलेली, भिंतभर आरसे, आणि आरशांसमोर एकवीस म्हातारे मोज्यांमध्ये, अपराधी चेहऱ्याने. पोस्टमन आजोबा कोपऱ्यात बूट छातीशी धरून उभे. वन्संना वाटलं ही भांडायला आली. त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या की चूक झाली, माणूस वयस्कर आहे, पुन्हा होणार नाही. किडेबाईला त्यांना असं नमतं घेताना पाहून जराही बरं वाटलं नाही, आणि याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

“वन्सं,” ती म्हणाली, “मी चुकले. तुम्ही नाचा. बूट घालून, जोरात, जेवढं जमेल तेवढं. तिला तुमच्याशिवाय करमत नाहीये.”

वन्संनी विचारलं, कुणाला? हिने खाली बोट दाखवलं.

त्यानंतर जे झालं ते किडेबाईने खाली काचेसमोर बसून पाहिलं, म्हणजे ऐकलं. आधी एका जोडीची टकटक, मग चार, मग एकवीस. आठवडाभर दाबून ठेवलेले म्हातारे असे सुटले, की छताचा रंग पोपडे होऊन तिच्या केसांत पडला. बदामवाला मिलिपीड घाबरून वास सोडता झाला. गोळी-मिलिपीडची बायको मिटली आणि नवरा गुणगुणू लागला. मालकिणीने बेचाळीस पाय गोळा केले, अंड्यांना कवेत घेतलं आणि एकेक उचलून शांतपणे चाटत राहिली. किडेबाईने आवाज न करता टाळ्या वाजवल्या आणि मग आठवलं, की आता आवाज केला तरी चालतं. मग जोरात वाजवल्या.

इमारतीने पुन्हा सगळं उलटं केलं. सहलींना सांगण्यात आलं, की चारनंतर येणार असाल तर पाय आपटत या. संचालकांना हे पटवायला दोन दिवस गेले, पण रबरी चाकं त्यांनी काढली नाहीत, कारण ती महाग होती. तीन आठवडे एकही अंडं गेलं नाही.

मग स्पर्धा आली. वन्संचा वर्ग शुक्रवार ते सोमवार, चार दिवस, दुसऱ्या शहरात जाणार होता. बसची तिकिटं, राहण्याची सोय, सगळं दोन महिन्यांपूर्वीच ठरलेलं; आणि अंडी आता दुधी होऊन आत काहीतरी वळवळत होतं, म्हणजे घडी जवळ आली होती. किडेबाईने वर्गाला थांबा म्हणायचं नाही, असं पक्कं ठरवलं होतं. म्हाताऱ्यांची ती हौस होती आणि त्यांच्याकडे पुढच्या हौसांसाठी वेळ कमी होता. तिने आवाज रेकॉर्ड करून छताला स्पीकर टांगला. मालकिणीने त्याला भीक घातली नाही. तिला आवाज नको होता, फळ्यांचा थरकाप हवा होता.

बुधवारी वन्सं जिन्यात भेटल्या. हवापाण्याचं बोलणं झालं. मग त्या म्हणाल्या, “मग तूच नाच, वहिनी.”

हिने सांगितलं की मला ताल म्हणजे काय ते माहीत नाही. वन्सं म्हणाल्या, ते मला ठाऊक आहे, तुझ्या लग्नात पाहिलंय. आणि हिला हाताला धरून वर नेलं.

दोन दिवसांत किडेबाई एकच पदन्यास शिकली. चवडा, टाच, चवडा, टाच, वळ. ‘वळ’ला ती दर वेळी चुकीच्या बाजूला वळायची आणि आरशात स्वतःलाच धडकायची. पोस्टमन आजोबांनी तिला युक्ती सांगितली, की उजव्या बाजूला कुत्रा आहे असं समजायचं आणि डावीकडे वळायचं. नवऱ्याने तिच्या कामाच्या जाडजूड बुटांना पट्ट्या ठोकल्या, एकेका बुटाला चार-चार, कारण वजन महत्त्वाचं. ठोकताना तो हसत होता, आणि तिने डोळे वटारले तरी त्याचं हसू थांबेना.

शुक्रवारी चार वाजता ती एकटी वर उभी राहिली. खाली काचेसमोर नवरा बसला होता. गोमेच्या भीतीने त्याने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले होते, हातात लांब झाडू. सगळं ठीक असेल तर दर दहा मिनिटांनी छताला एकदा ठोकायचं, काही बिघडलं तर तीनदा, असं ठरलं होतं. चवडा, टाच, चवडा, टाच, वळ. पहिल्या वीस मिनिटांत तिचा श्वास फुलला, पोटऱ्या भरून आल्या. खालून एक ठोका आला, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. पाच वाजता तिकीटवाला खिडकी बंद करून वर आला आणि तिच्याबरोबर पाय आपटायला लागला. शनिवारी संचालक आले. आधी ते फक्त पाहणी करायला आले होते. मग त्यांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला. त्यांना वाटायचं आपण फार छान नाचतो. ते गैरसमजाने नाचत, पण वजनाने नाचत, आणि सध्या वजनाला मोल होतं. तिघं आरशासमोर घामाघूम होऊन, तीन वेगवेगळ्या तालांत, कुणी उजवीकडे वळतंय, कुणी डावीकडे. किडेबाईला मधेच इतकं हसू आलं की तिला गुडघ्यांवर हात ठेवून उभं राहावं लागलं. पण पाय तिने थांबू दिले नाहीत.

रविवारी सुट्टी. तिकीटवाला नाही, संचालक नाहीत. तळपायांना फोड आलेले. ती एकटीच. चवडा, टाच. पाच वीसपर्यंत ठोके बरोबर येत गेले. मग साडेपाचचा ठोका आलाच नाही. पाच पस्तीस झाले, पाच चाळीस झाले. तीन ठोके नाहीत आणि एकही नाही. थांबून खाली धावावं तर थांबल्यामुळेच घात व्हायचा. म्हणून ती नाचत राहिली, आणि तिच्या डोळ्यांसमोर फक्त ती सालीखालची जागा होती.

जिन्यात पावलं वाजली. नवरा दारात आला, झाडू अजून हातात, चेहरा पांढराफटक. त्याला धाप लागली होती.

“खाल्ली?” तिने विचारलं. पाय चालूच.

त्याने नाही म्हणून मान हलवली. “झाली,” तो म्हणाला. “पिल्लं झाली. पांढरी आहेत, सगळी एकमेकांत गुंतलीत. मला मोजता येईनात, तिने सगळ्यांना पोटाशी घेतलंय.”

किडेबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. घड्याळात सहाला अठरा मिनिटं कमी होती. पिल्लं झाली म्हणून धोका टळत नाही. बिथरलेली आई पिल्लंही खाते, हे तिला माहीत होतं. एकोणीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते खाली चालू होतं आणि तिला अठरा मिनिटं जागचं हलता येत नव्हतं. ती रडत रडत चवडा, टाच करत राहिली, आणि नवऱ्याला म्हणाली की तुम्ही तरी जा, नीट बघा, मला नंतर सगळं सांगा.

तेवढ्यात त्याच्यामागून कुणीतरी आत आलं. प्रवासाची बॅग जमिनीवर ठेवली गेली. वन्सं होत्या, एक दिवस आधीच. वर्ग पहिल्याच फेरीत बाहेर पडला होता. म्हातारे तिथलं तळं बघायला मागे राहिले होते आणि या मिळेल त्या बसने निघून आल्या होत्या. तिथलं पाणी मला सोसत नाही, असं त्यांनी भावाला सांगितलं. बाकावर बसून त्यांनी बुटांच्या नाड्या बांधल्या, उठल्या, हिच्या शेजारी आल्या आणि हिचा वेडावाकडा ताल होता तसाच उचलला. दोन फेऱ्यांत त्यांनी तो सरळही केला.

“जा,” त्या म्हणाल्या. “मी आहे इथे.”

किडेबाई दारापर्यंत गेली आणि परत फिरली. तिने नवऱ्याच्या हातातला झाडू काढून घेतला, त्याला दोन्ही खांद्यांना धरून जमिनीच्या मधोमध उभं केलं आणि सांगितलं, की आता तुम्ही नाचा. मग वन्संचा हात धरला. वन्सं म्हणाल्या, मी नाही येत, मला ते बघवत नाही. हिने हात सोडला नाही. चोवीस पायऱ्या दोघी पट्ट्यांच्या बुटांनी टकाटक उतरल्या.

खोलीत तांबडा उजेड होता. दोघी काचेसमोर गुडघ्यांवर बसल्या. सालीच्या फटीत मालकीण घट्ट वेटोळं घालून होती, आणि तिच्या पोटाशी, तिच्या पिवळ्या पायांच्या आत, पांढरी, मऊ, जेमतेम नखाएवढी पिल्लं एकावर एक पडली होती. त्यांना पाय होते, पण अजून ते कसे वापरायचे हे ठाऊक नव्हतं. आई एकाला चाटायची, ठेवायची, दुसऱ्याला उचलायची. किडेबाईने मोजली नाहीत. तिला मोजावंसं वाटलंच नाही.

वन्संनी आधी एक डोळा मिटून घेतला होता. मग दोन्ही उघडले. हळूहळू त्यांचं कपाळ काचेला जाऊन टेकलं.

“ही खाते कधी?” त्यांनी विचारलं.

हिने सांगितलं की अंडी घातली तेव्हापासून काही नाही, आणि पिल्लं हिंडायला लागेपर्यंत काही खाणारही नाही.

“आणि तू सकाळपासून काय खाल्लंस?”

किडेबाईला आठवेना. वन्संनी खांद्यावरची पिशवी पुढे घेतली, बसमधलं उरलेलं बिस्किटांचं पुडकं काढलं, फाडलं आणि काचेवरची नजर न हलवता हिच्या मांडीवर ठेवलं. हिने एक खाल्लं, मग दुसरं. वर नवरा एकटाच नाचत होता. दोन पावलं बरोबर, तिसरं भलतीकडे, मधेच काहीतरी पडल्याचा आवाज, पुन्हा सुरुवात.

“त्याचा ताल चुकतोय,” वन्सं म्हणाल्या.

“चुकू द्या,” ती म्हणाली, आणि पुडकं त्यांच्यापुढे धरलं.